वाचक विचारतात : शंख विरघळत नाहीयेत, पण बांधणं महाग झालंय

मागच्या अंकात पोवळ्यांच्या ब्लीचिंगबद्दल, म्हणजे गरम पाण्यात ती पांढरी पडतात त्याबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी सहज एक ओळ टाकली होती, "शिवाय समुद्राचं पाणीही अ‍ॅसिडिक झालंय, त्यावर पुन्हा कधीतरी." त्या एका ओळीवर इतके प्रश्न आले की ब्लीचिंग राहिलं बाजूला. सगळे घेता येणार नाहीत, जे घेतलेत ते खाली.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी वर्गात एक शंख व्हिनेगरमध्ये टाकून दाखवते, बुडबुडे येतात, दोन दिवसांनी तो पातळ आणि खडबडीत होतो, मुलं खूश. यंदा एका मुलीने विचारलं की समुद्रात असंच होत असेल तर जिवंत शंख टिकलेत कसे, आणि समुद्राचा पीएच तर आठच्या वर असतो, मग तो अ‍ॅसिड कसा? मी म्हटलं उद्या सांगते. तो उद्या अजून उजाडलेला नाही.

आधी त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या, कारण मागच्या अंकातली माझी ओळ तिनेच पकडलीये. समुद्र अ‍ॅसिडिक झालेला नाही आणि या शतकात होणारही नाहीये. पीएच सातच्या खाली गेला की अ‍ॅसिड, आणि समुद्राच्या वरच्या थरातलं पाणी कोळसा-पेट्रोलचा जमाना सुरू व्हायच्या आधी साधारण 8.2 होतं ते आता 8.1 च्या आसपास आलंय. म्हणजे अजूनही अल्कलीच. पण ताप 103 वरून 102 वर आला की आपण "ताप उतरतोय" म्हणतोच ना, माणूस अजून तापलेलाच असला तरी, तसं समुद्राचं अ‍ॅसिडीकरण हा शब्द दिशा सांगतो, मुक्काम नाही. "झालंय" लिहिलं ही माझी चूक, "होतंय" हवं होतं.

आता 0.1 म्हणजे अगदीच चिमूटभर वाटतं, मलाही सुरुवातीला वाटायचं. पण पीएचची पट्टी आपल्या फुटपट्टीसारखी नसते, तिच्यावर एक घर खाली आलं की हायड्रोजन आयन दहापट होतात, त्यामुळे नुसतं 0.1 उतरलं तरी ते जवळपास 30 टक्क्यांनी वाढतात. आणि व्हिनेगरचा पीएच असतो अडीच-तीन, म्हणजे तुमच्या ग्लासातलं पाणी समुद्रापेक्षा काही लाख पटींनी जास्त अ‍ॅसिडिक आहे. त्या प्रयोगातून शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो एवढं सिद्ध होतं, समुद्रात काय चाललंय ते नाही.

मग समुद्रात काय चाललंय? आपण हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण पाव हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. हवेत तो आधी 280 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 280 भाग) होता, आता 420 च्या वर आहे, तेवढा जास्त पाण्यात शिरतो. पाण्यात गेला की त्याचं कार्बोनिक अ‍ॅसिड होतं, त्यातून हायड्रोजन आयन सुटतात, आणि ते जाऊन पाण्यातल्या कार्बोनेटला चिकटतात, की झालं बायकार्बोनेट. शंख-शिंपल्यांना, पोवळ्यांना कवच करायला कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही लागतं, कॅल्शियमची समुद्रात कधीच ददात नसते, पण कार्बोनेट असं कमी कमी होत जातं. "बांधकामाच्या विटाच चोरीला गेल्या" असं बहुतेक ठिकाणी सांगतात आणि मीही बरीच वर्षं तेच सांगत आलो.

पण ते अर्धंच खरं आहे, आणि तुमची विद्यार्थिनी असले प्रश्न विचारते म्हणून उरलेलं अर्धंही सांगतो. पोवळं बाहेरचं कार्बोनेट उचलून जसंच्या तसं लावत नाही. ते बरंचसं काम बायकार्बोनेटवर भागवतं, ते तर पाण्यात ढिगाने आहे. आत आणलं, फोडलं, कार्बोनेट सांगाड्याला लावलं आणि हातात काय उरलं, एक हायड्रोजन आयन. तो आतच राहिला तर केलेलं काम पुन्हा विरघळवेल, म्हणून तो बाहेर फेकावा लागतो. पोवळ्याच्या मऊ अंगाच्या आणि खालच्या कडक सांगाड्याच्या मधे द्रवाचा एक अतिशय पातळ थर असतो, डोळ्याला दिसणार नाही इतका, आणि सगळं बांधकाम त्या फटीत चालतं. तिथला पीएच पोवळं मुद्दाम साडेआठच्या आसपास चढवून ठेवतं, बाहेर 8.1 असला तरी. त्यासाठी पेशींमधे पंप असतात, कॅल्शियम आत, हायड्रोजन बाहेर, दिवसरात्र, आणि प्रत्येक फेरीला एनर्जी लागते. आता बाहेरच हायड्रोजन आयन वाढले तर? भरत आलेल्या टाकीत पाणी चढवताना मोटरला जोर लागतो तसं होतं. टाकी तीच, मोटर तीच, बिल वाढलं.

तर तुमच्या मुलीला उत्तर हे, की जिवंत शंख टिकलाय कारण तो बिल भरतोय. ग्लासातला शंख मेलेला आहे, त्याचं बिल भरणारं कोणी नाही.

व्हिनेगरऐवजी एक करून बघा. काचेच्या ग्लासात साधं पाणी घ्या, ब्रोमोथायमॉल ब्लूचे (अ‍ॅसिड-अल्कलीप्रमाणे रंग बदलणारं द्रावण) काही थेंब टाका, निळं दिसलं पाहिजे, आणि मुलांना स्ट्रॉने त्यात फुंकायला सांगा. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ते बघता बघता हिरवट आणि मग पिवळं होतं. फुंकायचं, ओढायचं नाही, हे तीनदा सांगा, कारण एक तरी कार्टं ओढतंच.

प्रश्न : कवचवाले सगळे प्राणी एकाच वेळी अडचणीत येणार का, की कोणी आधी कोणी नंतर?

एकाच वेळी अजिबात नाही. कॅल्शियम कार्बोनेट म्हटलं तरी त्याचे स्फटिक वेगवेगळे असतात. साधं कॅल्साइट चिवट, अ‍ॅरागोनाइट त्यापेक्षा लवकर विरघळणारं, आणि ज्या कॅल्साइटमधे भरपूर मॅग्नेशियम मिसळलेलं असतं ते सगळ्यात नाजूक. पोवळ्यांचा सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा, महाकाय शिंपल्याचाही तोच. आणि सगळ्यात नाजूक माल कोणाकडे, तर ज्यांच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही त्या कोरलाइन शेवाळाकडे.

हे शेवाळ म्हणजे हिरवं बुळबुळीत काही नाही. प्रवाळ खडकाचा फोटो जवळून बघितलात तर मधेमधे गुलाबी-जांभळा रंग ओतून वाळल्यासारखे कडक पापुद्रे दिसतात, ते. पोवळी विटा रचतात असं धरलं तर हा गिलावा, सुटे तुकडे सांधणारा, लाटांच्या माऱ्याला पहिला तोंड देणारा. शिवाय पोवळ्याची पिल्लं पाण्यात तरंगत तरंगत बसायला जागा शोधतात तेव्हा पुष्कळ जातींची पिल्लं असल्या पापुद्र्यावरच उतरतात. म्हणजे गिलावा गेला की नवीन भाडेकरूही यायचे बंद. प्रयोगांमधे पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढवला की हे पापुद्रे फार लवकर मागे हटतात. मला विचाराल तर काळजीच्या यादीत पोवळ्यांच्याही आधी यांचं नाव हवं, पण गुलाबी पापुद्र्याचं पोस्टर कोण लावणार.

उलट बाजूही आहे. 2009 मधे एक अभ्यास आला होता, 18 जातींचे कवचवाले जीव वेगवेगळ्या कार्बन डायऑक्साइडच्या पाण्यात वाढवले. दहा जातींचं कवच कमी बनलं, पण सात जातींनी उलट जास्त बनवलं, त्यात खेकडा, कोळंबी, शेवंड ही मंडळी होती. त्यांचं कवच बाहेरच्या पाण्याशी थेट भिडत नाही, वर एक कातडीसारखा थर असतो. म्हणून त्यांची चांदी आहे असं मात्र नाही, जाड कवचासाठी लागलेली एनर्जी दुसऱ्या कुठल्या तरी खात्यातून आलेली असते.

आणि वय. मोठं कालव तगतं, पिल्लू नाही. हे काही प्रवाळ खडकावरचं उदाहरण नाही, पण इतकं स्वच्छ दुसरं मिळत नाही म्हणून देतो. 2007 च्या सुमारास अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावर कालवांच्या हॅचरीत, म्हणजे पिल्लं वाढवायच्या केंद्रात, पिल्लं लाखोंनी मरायला लागली. आधी रोग असेल म्हणून जंतू शोधले, मग कळलं की खोल समुद्रातून वर येणारं कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी नळातून टाक्यांत येतंय. कालवाचं पिल्लू पहिल्या दोनेक दिवसांतच आपलं पहिलं कवच बनवतं, तोवर त्याला धड खाताही येत नसतं, अंड्यातून मिळालेल्या शिदोरीवरच सगळं काम. आणि ते पहिलं कवच अ‍ॅरागोनाइटचं. शिदोरी तेवढीच आणि खर्च वाढला, की पिल्लू कवच पुरं व्हायच्या आधीच संपतं. आता तिथे पाण्याची केमिस्ट्री मोजत राहतात आणि त्यात सोडियम कार्बोनेट घालून ते सुधारून घेतात.

प्रश्न : माझ्याकडे रीफ टँक (जिवंत पोवळ्यांचा खाऱ्या पाण्याचा अ‍ॅक्वेरियम) आहे. रात्री पीएच 7.9 पर्यंत उतरतो, सकाळी लाइट लागले की 8.3 होतो, कोरल मस्त वाढतायत. मग 0.1 चा एवढा बाऊ कशाला?

प्रश्न चांगला आहे आणि खोचकही. खऱ्या खडकावरही असंच होतं, उथळ पाण्यात तर तुमच्या टँकपेक्षा जास्त हेलकावे असतात. दिवसा पोवळ्यांच्या अंगातलं शेवाळ आणि बाकीचं गवत-शेवाळ प्रकाशात कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच चढतो, रात्री सगळेच नुसते श्वास सोडतात, पीएच उतरतो. दिवसा बांधकाम जोरात, रात्री मंद, आणि काही ठिकाणी रात्री खडक चक्क थोडा थोडा विरघळतही असतो. दिवसाची जमा आणि रात्रीचा खर्च यांचा फरक म्हणजे खडकाची वाढ. फरकच लहान असतो, म्हणून 0.1 ने हेलकाव्याची सगळी पट्टीच खाली सरकली तर जमा घटते आणि खर्च वाढतो, दोन्हीकडून मार.

आणि तुम्ही एक गोष्ट सांगितली नाही, तुम्ही केएच (म्हणजे अल्कलिनिटी, पाण्याची अ‍ॅसिड पचवायची ताकद) आणि कॅल्शियम डोस करत असणार. नसाल तर कोरल मस्त वाढणार नाहीत, निदान फार दिवस नाही. पीएच खाली असून तुमचं भागतं कारण अल्कलिनिटी तुम्ही बाटलीतून भरून देताय. समुद्राला डोसिंग पंप नाही.

एकदा मात्र खरंच तसं करून बघितलं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वन ट्री आयलंड म्हणून जागा आहे. तिथे ओहोटीला खडकाच्या पट्ट्यावरून पाणी एकाच दिशेने वाहत राहतं, नाल्यासारखं. संशोधकांनी मोठ्या टाकीत सोडियम हायड्रॉक्साइड आणि एक लाल रंग मिसळून ते पाणी खडकावर सोडलं, इतकं बेताने की त्या तेवढ्या पाण्याची केमिस्ट्री औद्योगिक काळाच्या आधी होती तशी व्हावी. रंग कशाला, तर खडक रंग खात नाही पण अल्कलिनिटी खातो. वरच्या टोकाला दोन्हीचं जे प्रमाण होतं ते खालच्या टोकाला किती बदललं हे बघितलं की खडकाने किती बांधकाम केलं ते कळतं. मला हा प्रयोग फार आवडतो, लाल पाणी निळ्या खडकावरून वाहतंय आणि माणसं गुडघाभर पाण्यात बाटल्या भरतायत. निकाल 2016 मधे आला, जुन्या काळचं पाणी दिल्यावर बांधकाम साधारण 7 टक्क्यांनी वाढलं. म्हणजे तेवढं नुकसान आत्ताच झालेलं आहे, पुढे कधीतरी होणार असं नाही. मग त्याच जागी उलट केलं, शतकाच्या शेवटी जसं असेल तसं कार्बन डायऑक्साइड वाढवलेलं पाणी सोडलं, 2018 मधे ते छापून आलं, बांधकाम 34 टक्क्यांनी घटलं.

तेव्हा तुमचा टँक खोटं बोलत नाहीये, त्याला फक्त सांभाळणारं कोणीतरी आहे.

प्रश्न : मी नववीत आहे. कोरलचा सांगाडा पूर्ण गेला तर कोरल मरतं का?

तुला वाटेल मरणारच, मलाही तसंच वाटलं असतं. पण 2007 मधे दोन संशोधकांनी भूमध्य समुद्रातल्या दोन जातींची पोवळी वर्षभर बऱ्याच खालच्या पीएचच्या पाण्यात ठेवली, साडेसातच्याही थोडं खाली-वर. सांगाडा हळूहळू विरघळून गेला. आणि उरलं काय, तर एकेकटे मऊ पॉलिप (सांगाडा बांधणारे छोटे जीव), सी अ‍ॅनिमोनसारखे, नागडे, पण जिवंत, आणि सांगाड्यात असताना होते त्याहून मोठे झालेले. नंतर त्यांना परत नेहमीच्या पाण्यात आणलं तर त्यांनी पुन्हा सांगाडा बांधायला घेतला.

पण लॅबमधे त्यांना खाणारा मासा नव्हता आणि लाटही नव्हती. शिवाय पॉलिप जगला तरी खडक जगत नाही. त्या खडकाच्या फटींमधे राहणारे मासे, खेकडे, गोगलगायी यांना नागड्या पॉलिपचा काय उपयोग? समुद्रातल्या साधारण चौथाई जाती कुठे ना कुठे प्रवाळ खडकांच्या आधाराने जगतात, आणि खडक समुद्रतळाच्या एक टक्काही जागा व्यापत नाहीत.

प्रश्न : पाणी गरम होणं जास्त वाईट की अ‍ॅसिड? एकच सांगा.

आज, गरम होणं. वाद नाही. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादाच अंश जास्त, पण काही आठवडे टिकला, की पोवळं आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. जगभरातलं ब्लीचिंग 1998 मधे झालं, 2010 मधे झालं, 2014 ते 2017 सलग झालं, आणि 2023 पासूनच्या चौथ्या लाटेत तर जगातल्या 84 टक्के खडकांनी ब्लीचिंग होईल इतकी उष्णता सोसली.

पण "एकच सांगा" इथेच फसतं. वरचा पंप आठवतोय ना? त्याचं बिल भरतं कोण, तर तेच शेवाळ, पोवळ्याच्या एनर्जीचा मोठा वाटा त्याच्याकडून येतो. उष्णतेने कमावता माणूस घराबाहेर काढला आणि त्याच वेळी अ‍ॅसिडने बिल वाढवलं, दुष्काळात तेरावा महिना. म्हणून पोवळ्याच्या सांगाड्यातले वार्षिक थर मोजले, झाडाच्या वलयांसारखे असतात ते, तर वाढ कमी झालेली दिसते पण कोणामुळे किती हे सोडवणं कठीण जातं. ग्रेट बॅरियर रीफवरच्या पोराइटीस नावाच्या प्रकारातल्या 328 पोवळ्यांचा असा हिशोब 2009 मधे आला, 1990 पासून बांधकाम 14 टक्क्यांनी घटलेलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या थंड दक्षिणेकडे मात्र तशाच पोवळ्यांची वाढ पाणी कोमट झाल्यावर वाढलेली निघाली.

नुसतं अ‍ॅसिड बघायचं असेल तर पापुआ न्यू गिनीच्या मिल्ने बे भागात जायला हवं. तिथे समुद्रतळातून ज्वालामुखीचा कार्बन डायऑक्साइड आपोआप बुडबुड्यांनी वर येतो, खडकातून शॅम्पेन फुटल्यासारखा, पण पाणी गरम होत नाही. बुडबुड्यांच्या जवळ जावं तसं फांद्यांची, झुडपांसारखी, टेबलासारखी पोवळी गायब होतात आणि उरतात पोराइटीसचे मोठमोठे गोल ढेकळं. पोवळ्यांनी झाकलेली एकूण जागा फारशी घटत नाही, म्हणजे वरून फोटो काढला तर सगळं छान. पण लपायच्या जागा गेलेल्या. आणि पीएच 7.7 च्या खाली गेला की खडक बनणंच थांबतं.

प्रश्न : शिंपले कार्बन पकडून ठेवतात, मग भरपूर शिंपले वाढवले तर प्रश्नच मिटेल ना?

नाही. ही फार पसरलेली समजूत आहे. शिंपला बनताना दोन बायकार्बोनेट खर्ची पडतात, एकाचा कार्बन कवचात जातो आणि दुसऱ्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. म्हणजे कवच बनणं ही त्या पाण्यापुरती कार्बन डायऑक्साइड सोडणारी क्रिया आहे. शिंपले वाढवा, पण या कारणासाठी नको.

प्रश्न : अ‍ॅसिडमुळे मासे भरकटतात, शत्रूच्या वासाकडेच जातात असं वाचलं. खरं का?

बरीच वर्षं असे निकाल येत होते आणि खूप गाजले. 2020 मधे दुसऱ्या गटाने सहा जातींच्या खडकावरच्या माशांवर तेच प्रयोग पुन्हा केले तर तो परिणाम दिसला नाही. मी यावर पैज लावणार नाही. कवचांची केमिस्ट्री त्या मानाने फार पक्क्या जमिनीवर आहे.

प्रश्न : पांढरी वाळू शंखांची असते म्हणतात. मग कवचं कमी बनली तर वाळू पण कमी होईल?

प्रवाळ बेटांवरची वाळू बरीचशी अशीच असते, हो. चिमूटभर घेऊन भिंगाखाली बघितली तर त्यात पोवळ्यांचे तुकडे दिसतात, त्यातले पुष्कळ पॅरटफिशने खडक कुरतडून मागून सोडलेले, म्हणजे स्वच्छ भाषेत सांगायचं तर विष्ठा. हॅलिमेडा नावाच्या हिरव्या शेवाळाच्या चुनखडी चकत्या दिसतात. आणि फोरामिनिफेरा, एकपेशीय जीव, त्यांची कवचं, जपानच्या ओकिनावाकडची तर चक्क पाच-सहा टोकांच्या चांदण्यांसारखी असतात. ती मॅग्नेशियमवाल्या कॅल्साइटची, म्हणजे वर सांगितलेला सगळ्यात नाजूक माल.

आणि इथे आपण पहिल्या प्रश्नातल्या ग्लासाकडे परत येतो. वाळू मेलेली आहे. तिच्यात पंप नाही, पीएच चढवून ठेवणारं कोणी नाही, कणांच्या मधे अडकलेल्या पाण्यात सडणाऱ्या गोष्टींचा कार्बन डायऑक्साइड साठत जातो तो वेगळाच. 2018 मधे पॅसिफिक आणि अटलांटिकमधल्या पाच खडकांवर तळाच्या वाळूवर पेट्या उपड्या ठेवून मोजलं, तर पाण्यातल्या बदलाला वाळूचं विरघळणं हे पोवळ्यांच्या बांधकामाच्या दहापट संवेदनशील निघालं. त्यांच्या हिशोबाने 2050 च्या सुमाराला सरासरी खडकावरची वाळू बनण्यापेक्षा विरघळायला जास्त लागेल. पोवळी तोवर बांधतच असतील.